जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी: विंडोज बदलायचं, लिनक्स टाकायचं का नुसती हार्डडिस्क बदलायची?

दाजींच्या कृषी सेवा केंद्रातला कॉम्प्युटर सकाळी चालू करायचा, मग शटर झटकायचं, अगरबत्ती लावायची, समोरच्या टपरीवर चहा प्यायचा, तवर कुठं डेस्कटॉप दिसायचा. मस्करी नाही, मी मोबाईलवर वेळ लावून बघितला होता, ११ मिनिटं. पेरणीच्या दिवसात गिऱ्हाईक काउंटरवर उभं अन् बिल निघंना. सेलूत दोघातिघांनी सांगितलं आता हे भंगार झालं, नवीन घ्या. दाजी मला म्हणले, "पाव्हणं, हे नीट होतंय का विकू किलोवर?"

त्या मशीनपासून सुरुवात झाली ती आत्तापर्यंत घरातल्या, पाहुण्यातल्या धरून नऊ मशीनी उघडून झाल्या. एकीचा डेटा माझ्या हातानं गेला, ते पुढं सांगतोच. बाकीच्या चालायल्यात. मी काही इंजिनिअर नाही, पण कुठं अडकतं ते आता माहिती झालंय, म्हणून हे एकदा लिहून ठेवायलो, कारण आठवड्याला एक तरी फोन असतोच की "विंडोज ११ टाकून देता का?" अन् दहातल्या आठ जणांना विंडोज ११ ची गरजच नसते.

१. आधी मशीन कोणती आहे ते वहीत लिहा

'धिस पीसी' वर राईट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथं प्रोसेसर, रॅम अन् ३२ बिट का ६४ बिट हे तिन्ही दिसतं. चौथी गोष्ट म्हणजे आत फिरणारी हार्डडिस्क आहे का एसएसडी (चिपवाली, बरीच वेगवान डिस्क), ती टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समधे कळते (विंडोज ७ वर तिथं दिसत नाही, पण एवढं जुनं असेल तर हार्डडिस्कच असणार).

इंटेल आय ३, आय ५ असेल तर डॅशच्या पुढचा पहिला आकडा म्हणजे पिढी (दहाव्या पिढीपासून पहिले दोन). आय ३-२१२० म्हणजे दुसरी, आय ५-८२५० म्हणजे आठवी. पुढचा सगळा खेळ याच्यावर.

पेंटियम ४ किंवा जुना अ‍ॅटम, रॅम १ जीबी: याच्यामागं जीव काढू नका. अगदीच चालू ठेवायचं असेल तर अँटीएक्स नावाचं हलकं लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) आहे, ३२ बिटवर चालतं, पण यूट्यूबची अपेक्षा ठेवू नका.

कोअर टू ड्युओ, ड्युअल कोअर, जी ३१ मदरबोर्ड: एमएससीआयटीच्या क्लासात एकेकाळी याच मशीनी ओळीनं मांडलेल्या असायच्या. जी ३१ ला ४ जीबीच्या वर रॅम लागतच नाही, कुणी "८ टाकून देतो" म्हणलं तर तिथून उठा. याला लिनक्स मिंटचं (पुढं नुसतं मिंट म्हणतो ते हेच) एक्सएफसीई नावाचं हलकं व्हर्जन अन् एसएसडी.

आय ३, आय ५ दुसऱ्या पिढीपासून सातव्या पिढीपर्यंत: हे सोनं आहे. लोक हेच भंगारात देतात.

आठवी पिढी किंवा पुढचं: विंडोज ११ सरळ बसतं, टीपीएम २.० अन् सिक्युअर बूट (दोन्ही सुरक्षेच्या सोयी) बायोसमधे (विंडोजच्या आधीची, मशीनची स्वतःची सेटिंग) चालू आहे का तेवढं बघा.

आता तारखांचं. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमचं तर ११० व्हर्जन आल्यापासून ते सेव्हनवर चालतच नाही, म्हणून सेव्हनवाल्यांना हळूहळू एकेक साईट उघडंना. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण घरगुती मशीनला सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात, त्याला २२एच२ व्हर्जन अन् मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं, सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करायची असते. विंडोज १० त्या दिवशी बंद पडलं असं नाही हां, आमच्याकडं काही जणांनी घाबरून लॅपटॉप विकले.

जुन्या मशीनवर जबरदस्तीनं विंडोज ११ टाकता येतं, रुफस नावाच्या पेनड्राइव्ह तयार करायच्या सॉफ्टवेअरमधे टिक मारली की ते तपासणी सोडून देतं. होतं खरं. पण अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, अन् कोअर टू ड्युओवर तर विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून ते चालूच होत नाही कारण प्रोसेसरला लागणाऱ्या काही सूचनाच त्याच्यात नाहीत. माझं मत विचाराल तर स्वतःच्या खेळायच्या मशीनवर करा, दुकानाच्या नको.

२. त्याच्यावर बसणार कोण अन् करणार काय

हे मी पहिल्यांदा विचारलंच नव्हतं. उत्साहात चुलतभावाच्या झेरॉक्सच्या दुकानात मिंट टाकून दिलं, मशीन पळायला लागली, अन् दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, "पत्रिका कशात करू?" कोरल ड्रॉ विंडोजचं, मराठीचं जुनं सॉफ्टवेअर विंडोजचं, त्याच्या डोंगलला (यूएसबीत लावायची लायसन्सची चावी) लिनक्समधे कुणी विचारंना. परत विंडोज टाकावं लागलं. म्हणून आधी त्या माणसाला विचारा की गेल्या महिन्यात यावर काय काय उघडलं.

टॅली, कोरल ड्रॉ, दुकानाचं बिलिंग, ग्रामपंचायतीच्या टेंडरला गुत्तेदार वापरतात ते डिजिटल सहीचं डीएससी टोकन, ई-सेवा केंद्रातलं अंगठ्याचं मशीन, यातलं एक जरी असलं तरी गुमान विंडोजवर रहा. टोकनचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण शेवटच्या तारखेला रात्री ११ वाजता ते अडलं की गुत्तेदार तुम्हालाच शोधत येणार.

नुसतं ब्राउझर, यूट्यूब, पीडीएफ, ऑनलाइन फॉर्म, पत्र टाईप करणं असेल तर मिंट. माझी भाची लातूरला नीटची तयारी करते, तिचा पाचव्या पिढीचा आय ३ लॅपटॉप, ४ जीबी रॅम, मिंट टाकून दीड वर्ष झालं. टेस्ट ब्राउझरमधे देते, लेक्चर ब्राउझरमधे बघते. व्हायरसचा एक फोन नाही.

प्रिंटरचंही विचारा. एचपी लेझरजेट १०२० लिनक्सवर चालतो, फक्त एचपीचं एक प्लगइन डाउनलोड करावं लागतं. कॅनन एलबीपी २९०० ला मात्र वेगळा ड्रायव्हर लागतो अन् तो बसवणं नव्या माणसाचं काम नाही. अन् हे दोन प्रिंटर प्रत्येक तालुक्याच्या गावात दर दुसऱ्या दुकानात आहेत!

३. सामान

- ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह, रिकामा. यातलं सगळं पुसलं जाणार.
- बॅकअपला दुसरी हार्डडिस्क. पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षाचा डेटा ठेवू नका.
- २५६ जीबीची सॅटा एसएसडी. डेस्कटॉपला सॅटा केबल वेगळी घ्या, दुकानदार देत नाही अन् नेमकी रात्री आठवण येते.
- स्क्रू ड्रायव्हर, रंगाचा नवा ब्रश, खोडरबर, सीआर २०३२ चा सेल.
- नेट चालू असलेली दुसरी मशीन, अन् तुमचा मोबाईल डेटा केबलसकट.
- यूपीएस किंवा इन्व्हर्टर. लाईट कधी जाईल ते आपल्याकडं सांगता येत नाही अन् इन्स्टॉलच्या मधात गेली की पहिल्यापासून.
- विंडोजच टाकायचं असेल तर लायसन्सचा पत्ता. मशीनवर आधी विंडोज १० अ‍ॅक्टिव्हेट असेल तर की मागितल्यावर 'माझ्याकडं की नाही' निवडा, नेट लागलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. जुनी सेव्हनची की टाकून टेन अ‍ॅक्टिव्हेट व्हायचं, ती वाट सप्टेंबर २०२३ मधे बंद झाली.

एक फसवणूक सांगतो. ५०० रुपयाला २ टीबीचा पेनड्राइव्ह दिसला तर घेऊ नका. आत ३२ जीबीची चिप असते अन् कॉम्प्युटरला आकडा खोटा दाखवतात, भरल्यावर पुढच्या फाईली हवेत जातात. मी एकदा घेतलाय, म्हणून सांगायलोय.

४. बॅकअप

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळ्यांना आठवतं. राहतं ते वेगळंच: टॅलीचं डेटा फोल्डर (ते बहुतेक सी ड्राइव्हवरच असतं), बिलिंग सॉफ्टवेअरचा बॅकअप, ब्राउझरमधले पासवर्ड अन् बुकमार्क, अन् फॉन्ट. फॉन्ट तर लोक हमखास विसरतात. श्रीलिपी किंवा कृतीदेवमधे टाईप केलेली फाईल म्हणजे ते युनिकोड नाही, फॉन्ट नसला की सगळं पत्र गिचमिड दिसतं. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स फोल्डर उचलून ठेवा.

जुन्या डिस्कची तब्येतही आधी बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट आहे, पिवळं 'कॉशन' दिसलं तर दुसरं काही न करता पहिल्यांदा कॉपी सुरू करा, डीफ्रॅग वगैरे तर अजिबात नको. कॉपी झाल्यावर दुसऱ्या मशीनवर चारदोन फाईली उघडून बघा. नुसत्या दिसल्या म्हणजे आल्या असं नसतं.

५. सिस्टिम बदलायच्या आधी डबा उघडा

मला वाटतं खरं काम इथंच आहे. दाजींची मशीन दुसऱ्या पिढीची आय ३, एच ६१ बोर्ड, ४ जीबी रॅम, त्यात काहीच वाईट नव्हतं, बारा वर्षं फिरून दमलेली हार्डडिस्क तेवढी वाईट होती. टास्क मॅनेजरमधे डिस्क सारखी १०० टक्के. एसएसडी बसवून तेच विंडोज १० नव्यानं टाकलं तर ४० सेकंदात चालू. बोर्ड सॅटा २ वाला आहे म्हणजे एसएसडी पूर्ण वेगानं चालतसुद्धा नाही, तरी एवढा फरक.

प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जातो. ज्यांच्या घरी कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात त्यांच्या सॉकेटला अर्थिंग नाही, हे कॉम्प्युटरचं नाही, वायरमनचं काम आहे, आधी ते करून घ्या, नाहीतर नवी एसएसडी बी जाईल.

आमच्या काळ्या मातीच्या भागात धूळ म्हणजे काय विचारू नका, रस्त्यालगतच्या दुकानातल्या मशीनीत वावर असतं. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा नमदा झालेला असतो, मे महिन्यात परभणीचं ऊन अन् वरून पत्रे, मग मशीन दुपारी आपोआप बंद पडते अन् लोक विंडोजला शिव्या देतात. ब्रशनं झाडा. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, गरागरा फिरू देऊ नका. थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल तर पुसून नवी लावा, तुरीच्या दाण्याएवढी पुरते, थापायची नाही.

रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरनं हलकी घासा, पुसा, खटकन् आवाज येईपर्यंत बसवा. रॅम वाढवायची तर जुनी काढून सोबत घेऊन जा. डीडीआर २, ३ अन् ४ एकमेकांत बसत नाहीत, अन् लॅपटॉपची ३ एल वेगळी, ती १.३५ व्होल्टवर चालते, साधी ३ टाकली तर बऱ्याच लॅपटॉपला ती चालत नाही.

६. पेनड्राइव्ह तयार करा

मिंट असेल तर त्यांच्याच साईटवरून आयएसओ (सगळी सिस्टिम एकाच फाईलीत) घ्या, साधारण ३ जीबी. सध्याची २२ ची मालिका २०२९ पर्यंत सपोर्टमधे आहे. विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साईटवरूनच. दुकानात मिळणारी 'सगळं टाकलेली' विंडोज घेऊ नका, त्यातल्या क्रॅकसाठी विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर बंद केलेला असतो, अन् त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार.

रुफस उघडा, पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा. पार्टिशन स्कीम विचारतं तिथं लोक अडकतात: २०१२ च्या आधीची मशीन असेल तर बहुतेक एमबीआर, त्यानंतरची यूईएफआयवाली (म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस) असेल तर जीपीटी. चुकलं तरी काही जळत नाही, पेनड्राइव्ह दिसणार नाही एवढंच, परत दुसऱ्या पद्धतीनं करा.

७. पेनड्राइव्हवरून चालू करा

मशीन चालू केली की लगेच बटण टकटक दाबत रहायचं. डेल अन् लेनोवोला बहुतेक एफ १२, एचपीला एफ ९, एसरला एफ १२ पण तो आधी बायोसमधे चालू करावा लागतो, असूसला एस्केप किंवा एफ ८. असेंबल मशीनला बोर्डावर अवलंबून, पहिल्या स्क्रीनवर खाली लिहिलेलं असतं, पटकन जातं म्हणून मोबाईलवर व्हिडिओ काढा अन् थांबवून वाचा.

बायोसमधे गेलात तर सॅटा मोड (डिस्क चालवायची पद्धत, आयडीई का एएचसीआय) बघून ठेवा, पण जुनं विंडोज अजून वापरायचं असेल तर तो बदलू नका. आयडीईचं एएचसीआय केलं की जुनं विंडोज निळा स्क्रीन देतं. परत पहिल्यासारखं केलं की चालू होतं, घाबरू नका.

८. टाकायला बसा

आता माझी चूक. चुलतभावाच्या मशीनीत दोन डिस्क होत्या, नवी एसएसडी अन् जुनी ५०० जीबी, जुनीवर सात वर्षाच्या लग्नपत्रिका. मी मिंट टाकताना 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' निवडलं, खालची डिस्क कोणती हे न वाचता पुढं पुढं केलं, अन् दुसरी डिस्क पुसली. लग्नसराई तोंडावर. फोटोरेक नावाच्या सॉफ्टवेअरनं बऱ्याच फाईली परत मिळाल्या, पण नावं गेली. हजारो कोरलच्या फाईली नुसत्या नंबरांच्या, तो आजबी एखादी पत्रिका शोधताना माझ्या नावानं बोटं मोडतो.

तर जिच्यावर टाकायचंय ती एक डिस्क सोडून बाकीच्यांची केबल उपसून ठेवा. काम झालं की लावा. बाकी कुठलीच काळजी घेतली नाही तरी एवढी घ्या.

मिंटमधे आधी नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, काही न पुसता. वायफाय, आवाज, प्रिंटर, सगळं बघून घ्या अन् मगच इन्स्टॉलवर क्लिक करा. टाईमझोन कोलकाता, पासवर्ड लक्षात राहील असा. पुढचं ते स्वतःच विचारत जातं, एसएसडीवर वीसेक मिनिटं.

विंडोज असेल तर कस्टम निवडा, 'अपग्रेड' नको, दहा वर्षाचा कचरा तसाच पुढं येतो.

९. चालू झाल्यावर

पहिले अपडेट. मग ड्रायव्हर, विंडोजमधे बहुतेक आपोआप येतात, राहिलेले कंपनीच्या साईटवरून मॉडेल टाकून घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअरं टाकू नका, ती आगीतून फुफाट्यात नेतात.

मराठीसाठी विंडोज १० मधे भाषेच्या सेटिंगमधे मराठी जोडा, इनस्क्रिप्ट अन् फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात. मिंटमधे कीबोर्डच्या लेआउटमधे भारताखाली मराठीचा कागपा फोनेटिक आहे. जुनी गिचमिड दिसणारी फाईल उघडायची असेल तर तिचा फॉन्ट लागेलच, अन् नवी पत्रं मात्र युनिकोडमधेच टाईप करा.

१०. अडलं तर

स्क्रीन काळा अन् बीप बीप: रॅम. काढा, घासा, एकेक लावून बघा.

तारीख सारखी मागं जाते, ब्राउझर प्रत्येक साईट 'सुरक्षित नाही' म्हणतो: बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलाय. या एवढ्याशा सेलपायी एकानं हजार रुपये देऊन फॉरमॅट मारून आणलं होतं अन् घरी आल्यावर परत तेच.

'ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही': आधी पेनड्राइव्ह काढलाय का बघा, खरंच बघा. मग बूट ऑर्डर, मग केबल, अन् शेवटी बायोसमधे लेगसी (जुनी पद्धत) का यूईएफआय (नवी), ज्या पद्धतीत टाकलं त्याच पद्धतीत चालू व्हावं लागतं.

मिंट चालू होताना काळा स्क्रीन: पेनड्राइव्हच्या पहिल्या मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. जुन्या ग्राफिक कार्डला होतं असं.

वायफाय दिसंना: मोबाईल केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच येतं. मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर घ्या. जुन्या ब्रॉडकॉम कार्डवाल्यांना हे करावंच लागतं.

विंडोज अन् मिंट दोन्ही ठेवलं अन् घड्याळ साडेपाच तास चुकतं: मशीन बिघडली नाही, लिनक्स घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज आपली इथली. मिंटच्या टर्मिनलमधे 'लोकल आरटीसी' ची सेटिंग चालू केली की दोघांचं जमतं.

मशीन मधूनच गोठते, कधी चालते कधी नाही: रॅम तपासायचं मेमटेस्ट ८६ प्लस पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. लाल ओळी आल्या तर रॅम गेली. नाही आल्या तर एसएमपीएसवर (मशीनला करंट देणारा डबा) संशय घ्या, ओळखीच्याचा एक दिवस आणून लावून बघा, लगेच नवा घेऊ नका. दाजींच्या मशीनचा गेल्या उन्हाळ्यात असाच निघाला, आत पालीनं संसार मांडला होता.